मेण लावलेला दोरा

१

कपडेपटाचं दार उघडल्यावर धाकटी आधी दिवा लावत नसे, आधी वास घेई. अंधारात नाक जास्त चालतं, असं तिचं म्हणणं. कुठे ओल धरली आहे, कुणाचा पोशाख काल घामासकट तसाच लटकवला गेला आहे, उंदीर फिरून गेला आहे का, हे सगळं तिला उंबऱ्यावरच कळे. मग ती दिवा लावी आणि छताला उलटे टांगलेले झगे एकदम दिसू लागत. बॅलेचे ते आखूड, ताठ जाळीचे झगे उलटेच टांगावे लागतात, नाहीतर जाळी मान टाकते.

धाकटी हे तिचं नाव नव्हे. तिची आई याच नाट्यगृहात शिवणकाम करायची आणि शाळा सुटली की ही मेजाखाली बसून अभ्यास करायची. तेव्हापासून ती सगळ्यांची धाकटी. आता केस पांढरे झाले होते, ती कपडेपटाची प्रमुख झाली होती, तरी धाकटीच.

प्रमुख असल्याची खूण म्हणजे गळ्यात काळ्या फितीला लटकवलेली कात्री. पूर्वी कधीतरी विंगेत कुणाच्या तरी हातून कात्री निसटली, रंगमंचावर घसरत गेली आणि एका नर्तिकेचा पाय कापला. तेव्हापासून इथला नियम असा, की रंगमंचाच्या आसपास दुसरं पातं असता कामा नये. सुईदोरा हवा तेवढा बाळगा. कापायचं झालं तर प्रमुखाला हाक मारा.

"काय म्हणतंय नाक?" इस्त्रीवाले काका आपल्या खोलीतून ओरडले. इस्त्री तापेपर्यंत त्यांची जीभ तापलेली असायची.

"तुम्ही काल पुन्हा सॅटिन करपवलंत म्हणतंय."

"तुझ्या नाकाला वेगळी खुर्ची द्यायला हवी, बाई. आणि कानाला कुलूप."

ती हसली आणि मेजावरच्या लांबट खोक्याकडे वळली. नाट्यगृहात प्रदर्शन भरणार होतं: बॅलेच्या पोशाखांचा इतिहास आणि ते पोशाख रंगमंचावरून रस्त्यावर कसे आले त्याची गोष्ट. त्यासाठी जुने कपडे बाहेर निघत होते. या खोक्यात एक बॉडिस होता. अंगाला घट्ट बसणारी बिनबाह्यांची चोळी, पांढरं सॅटिन आता पिवळं पडलेलं, शिवणींत पोलादी पट्ट्या, पाठीवर हुकांची रांग. धाकटी शाळेत होती तेव्हा तो शेवटचा कुणाच्या अंगावर चढला होता.

बॅलेचे पोशाख धूत नाहीत. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो नाक मुरडतो, पण पाणी लागलं की सॅटिन आकसतं, पट्ट्या गंजतात. आतून स्पिरिट फवारायचं, वाऱ्यावर ठेवायचं, झालं. धाकटीने फवाऱ्याची बाटली हातात घेतली आणि सवयीने दुसरा हात आत घालून काखेचं अस्तर चाचपलं.

अस्तर ओलं होतं.

तिने हात बाहेर काढला, पुन्हा घातला. ओलं आणि कोमट. नुकताच कुणीतरी अंगातून काढून ठेवावा तसं. बोटं नाकाशी नेली, आणि तिला ओळखीचा वास आला.

"काका, हे खोकं कुणी उघडलं होतं?"

"सील तूच तोडलंस ना आत्ता? माझ्यासमोर?"

"आतून घाम आहे याला."

काका दारात आले, बोटाने अस्तर दाबून पाहिलं, पँटला बोट पुसलं. "तुझाच हात ओला असेल," ते म्हणाले. पण जाताना त्यांनी तेच बोट पुन्हा पँटला पुसलं.

२

घरी आई खिडकीशी बसून शिवत होती.

तिच्या हातात सुई नव्हती, कापड नव्हतं. आईची नजर गेल्यापासून धाकटीने घरातली एकूण एक सुई बाहेर काढली होती. पण आईचे हात थांबले नव्हते. उजवा हात खाली जाई, वर येई, अंगठा आणि तर्जनी दोरा ओढत, कोपर बाजूला जाई. मध्येच ती दोऱ्याचं टोक ओठात ओलं करी. फक्त एक गोष्ट ती कधीच करत नसे. गाठ मारून दोरा दाताने तोडणं. तिचं शिवणं संपतच नसे.

"दिवसभर असंच," शेजारच्या वहिनी म्हणाल्या. धाकटी कामावर गेली की त्या आईपाशी बसत. "आज जेवल्या मात्र पोटभर. बोलल्या नाहीत."

"कधी बोलते ती, वहिनी?"

आई बोलणं टाकून बसली होती ती थोरली गेल्यापासून.

थोरली म्हणजे धाकटीची बहीण. याच नाट्यगृहात नाचायची. चांगली उंच, रुंद छातीची, हसली की विंगेच्या पार टोकापर्यंत ऐकू जाणारी. त्या वेळी कपडेपटाच्या प्रमुख मॅडम होत्या. तरुण, हुशार, आणि जगात कुणाची पर्वा नसलेल्या. त्यांनी नव्या बॅलेसाठी तो पांढरा बॉडिस बेतला. थोरलीला तो लहान पडत होता. आईने सांगून पाहिलं.

पोशाखाच्या हुकांवर कुणी भरवसा ठेवत नाही. पडदा वर जाण्याआधी नर्तिकेला पोशाखात शिवूनच टाकतात आणि खेळ संपला की कापून बाहेर काढतात. आईची एक पद्धत होती. ती मुलीला सांगे, "श्वास घे, भरून घे," आणि फुगलेल्या छातीवर टाके घाली, म्हणजे नाचताना श्वासाला जागा राहते. त्या दिवशी मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि थोरलीला म्हणाल्या, "श्वास सोड, आणि तसाच धर." मग आईला म्हणाल्या, "शिव."

आईने शिवलं. पोटच्या मुलीला, मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्याने.

खेळ संपला तेव्हा थोरली कशीबशी विंगेत आली आणि भिंतीला धरून खाली बसली. ओठ निळे पडले होते. आईने मॅडमकडे हात पसरला, "कात्री! कात्री द्या!" नव्या पोशाखांसाठी प्रेक्षक मॅडमच्या नावाने टाळ्या वाजवत होते. गळ्यात कात्री तशीच ठेवून त्या पडद्याकडे निघाल्या. "आलेच," त्या म्हणाल्या, "एवढ्या टाळ्या घेऊन येते."

टाळ्या थांबायचं नाव घेईनात. आईने नखांनी टाके उसवायला घेतले, मग दातांनी. मेणाचा दोरा दाताने तुटत नाही. आईचा पुढचा दात तुटला.

धाकटी तेव्हा मेजाखाली नव्हती, विंगेत होती. तिने सगळं पाहिलं.

हृदय कमजोर होतं, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. मॅडम पुढच्याच वर्षी नोकरी सोडून गेल्या आणि त्या बॉडिसच्या बेतावर संध्याकाळचे झगे शिवू लागल्या. वर पट्ट्यांची आवळ चोळी, खाली जाळीचा घेर. शहरातल्या प्रत्येक दुकानाच्या काचेत तो झगा उभा राहिला. नवऱ्या मुली तो मागू लागल्या. मॅडम मोठ्या झाल्या.

धाकटीने आईचा हात हातात घेतला. तर्जनीच्या टोकाला बारीक लाल ठिपके होते. सुई टोचल्यासारखे, ताजे.

"वहिनी, हे काय?"

वहिनींनी वाकून पाहिलं. "डास असेल," त्या म्हणाल्या.

३

मॅडम प्रदर्शनाची मांडणी बघायला आल्या तेव्हा अख्खं नाट्यगृह पोट आत ओढून उभं होतं. त्यांचं वय झालं होतं, पण पाठ पट्टीसारखी सरळ, आणि कंबर, जिच्याबद्दल मासिकांतून इतकं छापून येई, ती अजून मुठीत मावेल अशी. व्यवस्थापक त्यांच्या मागून कोटाची बटणं लावत-सोडत चालले होते.

पुतळे ओळीने उभे होते. मॅडम एकेकापाशी थांबून बोलत होत्या, आणि खरं सांगायचं तर त्यांचं ऐकत राहावंसं वाटे. आधीच्या काळात नर्तिका राजवाड्यातल्या बायकांसारखेच जड, पायघोळ झगे घालून नाचत. मग कुणीतरी पाय दिसावेत म्हणून झगा आखूड केला आणि केवढा गहजब झाला. मग आले मलमलीच्या ढगासारख्या घेराचे झगे. त्यानंतर ताठ जाळीची तबकडी. नर्तिकांच्या चपट्या सॅटिनच्या बुटांना तळवा लावून मुली बाजारात हिंडू लागल्या. तालमीत गार लागू नये म्हणून छातीवर गुंडाळायचा लोकरी अंगरखा कचेरीत जाऊन बसला.

"बाई रस्त्यावर जे घालते ना," मॅडम म्हणाल्या, "ते आधी कुणीतरी रंगमंचावर सोसलेलं असतं."

मलमलीच्या झग्याजवळ त्या जास्त वेळ थांबल्या. "हे गॅसच्या दिव्यांच्या काळातलं. ठिणगी उडाली की पेटायचं. त्यावर औषध निघालं होतं, त्यात झगा बुडवला की आग लागत नसे. पण कापड मळकट दिसायचं, ताठ व्हायचं. मुलींनी नको म्हटलं. काही जळून मेल्या." त्यांनी खांदे उडवले. "त्यांनी स्वतः नको म्हटलं, हे लक्षात घ्या. कुणी जबरदस्ती केली नव्हती."

"थोरलीला विचारलं होतं का कुणी?" धाकटी म्हणाली.

आपला आवाज एवढ्या शांतपणे बाहेर पडेल असं तिला वाटलं नव्हतं. व्यवस्थापकांचं बटण हातातच राहिलं.

मॅडमनी वळून तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या गळ्यातल्या कात्रीकडे. "तू शिवणवाल्या बाईंची मुलगी. मेजाखालची."

"हो. त्या बॉडिसशेजारी जी पाटी लावणार आहात, तिच्यावर एक ओळ लिहा मॅडम. हा कुणी घातला होता आणि ती कशी गेली. एवढंच. बाकी तुमचं कौतुक करा, माझं काही म्हणणं नाही."

"कौतुक करायला तुझी परवानगी हवी होती होय मला?" मॅडम हसल्या. "अगं, ती मुलगी बॉडिसमध्ये मावतच नव्हती. मी तो माझ्या अंगावर बेतला होता. मी सगळेच पोशाख माझ्या अंगावर बेतायची. मापाला माणूस बसवायचा असतो, माप माणसाला नाही. तिने सोसलं असतं तर आज तीही मोठी झाली असती."

"ती मेली, मॅडम."

"हृदयाने." त्या बॉडिसजवळ गेल्या, सॅटिनवरून हात फिरवला, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अजून मला होईल हा. बघा तुम्ही. उद्घाटनाला मी हाच घालणार, खाली माझा काळा घेर. फोटोवाले वेडे होतील."

"जुना आहे तो," व्यवस्थापक पुटपुटले.

"मीही जुनी आहे. आम्ही दोघंही टिकलो."

मॅडमनी हात मागे घेतला आणि नकळत रुमालाला पुसला. हे धाकटीशिवाय कुणी पाहिलं नाही.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉडिसच्या पाठीवर टाके होते.

पहिल्यांदा तिला वाटलं, जुनेच राहून गेले असतील. पण दोरा नवा होता, मेणाने चकाकणारा. हुकांच्या आतल्या बाजूने, खालून वर, उलटी टीप घातलेली. प्रत्येक टाका डावीकडे किंचित कललेला. असा टाका या नाट्यगृहात एकाच बाईचा होता. धाकटी त्या टाक्यांखाली अभ्यास करून मोठी झाली होती.

ती खुर्चीवर बसली आणि स्वतःशी नीट बोलू लागली. तूच घातले असशील. आईकडूनच शिकलीस, तुझाही हात डावीकडे कलतो. झोप नीट होत नाही, मॅडम आल्यापासून डोकं ठिकाणावर नाही. मन लागलं नाही की माणूस काय काय करून बसतो आणि विसरतो. हे पटण्यासारखं होतं. तिने कात्रीने टाके कापले, दोऱ्याचे तुकडे कचऱ्यात टाकले, बॉडिस कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली काकांच्या हवाली केली.

"माझ्याकडे का?" काका म्हणाले.

"माझ्यावर माझा भरवसा नाही म्हणून."

"माझ्यावर आहे? सॅटिन करपवतो मी."

कुलूप जसंच्या तसं होतं. किल्ली काकांच्या खिशात. आणि पुढच्या सकाळी टाके पुन्हा होते, थोडे अधिक वरपर्यंत. काख ओली होती. काकांनी पाहिलं, आपल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. याआधी त्यांनी कधी दार लोटल्याचं धाकटीला आठवत नव्हतं.

तिने पुन्हा टाके कापले. मग तिला एक सुचलं. शिंप्याचा निळा खडू घेऊन तिने बॉडिसच्या पाठीला, शिवण जिथून जाईल तिथे, आतून दाट चोळला. स्वतःचे हात साबणाने दोनदा धुतले, एप्रन तिथेच काढून ठेवला, आणि घरी गेली.

आई खिडकीशी होती. हात खाली, वर, कोपर बाजूला. धाकटी दारातच उभी राहिली. आज तिने कान दिला, आणि तिला आवाज ऐकू आला. रिकाम्या हवेतून जाड कापडात दोरा ओढल्याचा आवाज. सर्र. मग सुई अंगुस्तानाला लागल्यावर होतो तसा, टक.

"वहिनी, ही आज कुठे बाहेर गेली होती?"

"कुठे जाणार गं त्या? मी इथेच आहे सकाळपासून. का?"

धाकटीने आईचे हात उजेडाकडे वळवले. बोटांची टोकं निळी होती. अंगठा निळा. आणि खालच्या ओठाच्या कडेला, जिथे ती दोरा ओला करी, तिथे एक बारीक निळी रेघ होती.

धाकटी कितीतरी वेळ ते हात धरून बसली. घाबरली होती, यात शंका नाही. पण त्या भीतीच्या खाली काहीतरी दुसरं होतं, आणि ते उबदार होतं, आणि त्याची तिला लाज वाटली नाही.

"आई," ती कानाशी हळूच म्हणाली, "मी एकदाच विचारेन त्यांना. एकदाच. त्या एक वाक्य बोलल्या ना थोरलीबद्दल, तर मी त्यांना तो घालू देणार नाही. नाही बोलल्या, तर मी मध्ये येणार नाही."

आईचे हात क्षणभर थांबले. मग पुन्हा चालू झाले, पूर्वीपेक्षा वेगाने.

५

उद्घाटनाच्या दिवशी दुपारपासूनच दालन भरू लागलं. मॅडम रंगमंचामागच्या कपडे बदलायच्या खोलीत होत्या, तीन पाखांच्या आरशासमोर. काळा जाळीचा घेर नेसून झाला होता. बॉडिस खुर्चीच्या पाठीवर होता. धाकटीने सकाळी तो तपासला होता. पाठीवर एकही टाका नव्हता, आणि काख खडखडीत कोरडी होती.

"चल, हुक लाव," मॅडम म्हणाल्या. "शिवायबिवायचं नाही. हुक पुरेत मला."

"मॅडम, लावण्याआधी एक विचारते." धाकटीने बॉडिस उचलला आणि छातीशी धरला. "बाहेर भाषणात तिच्याबद्दल एक वाक्य बोलाल? चूक झाली असंही म्हणू नका. फक्त ती होती, एवढं म्हणा."

मॅडमनी आरशातूनच तिच्याकडे पाहिलं. एक क्षण असा गेला की धाकटीला वाटलं, त्या हो म्हणणार. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी गेलं, थकवा असेल, म्हातारपण असेल.

"तुला माहीत आहे," त्या म्हणाल्या, "तिचा चेहराही आठवत नाही मला. पाठ आठवते. काय रुंद पाठ होती! शिंप्याचा अपमानच." आणि दोन्ही हात बाजूला उचलले. "लाव."

धाकटीने बॉडिस चढवला. खरंच, तो त्यांच्या अंगाला असा बसला की सुरकुती नाही. ती खालून वर हुक लावत गेली. एक हुक, दुसरा, तिसरा. 

मधल्या हुकाशी आली तेव्हा आवाज सुरू झाला. सर्र. टक.

"काय करतेस?" मॅडम म्हणाल्या. "सांगितलं ना, शिवू नकोस म्हणून."

"मी नाही शिवत."

तिने मान वर केली. आरशाच्या डाव्या पाखात मॅडमची पाठ दिसत होती, पाठीवर तिचे स्वतःचे दोन हात, आणि त्या दोन हातांच्या मधून आणखी बोटं. गाठी आलेली, टोकाशी निळी. ती दोरा ओढत होती. धाकटीने तिकडून नजर काढली, तर ती उजव्या पाखावर गेली. तिथे मॅडमच्या मागे कुणीतरी उभं होतं, दोन्ही हात बाजूला उचललेले, हनुवटी वर, शिवायला उभ्या राहिलेल्या मुलीसारखं. रुंद पाठ. ती पाठ हलत नव्हती. श्वास धरून उभी होती ती.

धाकटीने पापण्या मिटल्या. उघडल्या तेव्हा आरशात दोघीच होत्या.

"सैल कर," मॅडम म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "कुठेतरी आवळतंय. सोड हुक."

धाकटीने हुक धरून पाहिला. तो हलला नाही. पाठीची शिवण तिच्या डोळ्यांदेखत आत खेचली जात होती, सर्र, टक, सर्र, टक, खालून वर, डावीकडे कललेली. मॅडमची बोटं मागे येऊन सॅटिनवर ओरखडे काढू लागली. नेलपॉलिश लावलेलं एक नख मोडलं.

"काप," त्या म्हणाल्या. "कात्री. तुझ्या गळ्यात आहे की. काप ना!"

धाकटीचा हात कात्रीकडे गेला. कात्रीची कडी अंगठ्यात आली. हे खरं आहे, तिने कात्री उचलली होती.

तेवढ्यात पडद्यापलीकडून व्यवस्थापकांचा आवाज आला. मॅडमना वेळ लागतोय म्हणून ते काहीतरी भरून काढत होते. "...आणि हे सगळे पोशाख ज्यांनी इतकी वर्षं आपल्या हातांनी जिवंत ठेवले, त्या आमच्या कपडेपटाच्या प्रमुख! या, धाकटी, पुढे या!"

टाळ्या सुरू झाल्या.

मॅडमनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. ओठांचा रंग जात होता. त्यांना आठवलं होतं. पाठ नव्हे, चेहरा आठवला होता, हे त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं.

धाकटीने कात्री सोडली. ती फितीवर झुलून छातीवर आपटली.

"आलेच," ती म्हणाली, "एवढ्या टाळ्या घेऊन येते."

६

दालनात उजेड खूप होता. पुतळ्यांच्या ओळीमधून चालत ती पुढे गेली. मलमल, जाळी, सॅटिनचे बूट, लोकरीचे अंगरखे. लोक उभे राहिले होते. तिने आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या घेतल्या. वाकून नमस्कार केला, पुन्हा केला. टाळ्यांच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही, हे तिला तेव्हा कळलं. खरंच येत नाही. पण तिला माहीत होतं, आणि ती तिसऱ्यांदा वाकली.

परत गेली तेव्हा काका आधीच खोलीत होते. मॅडम आरशाला टेकून खाली बसल्या होत्या. काकांनी बॉडिस उघडला होता, नुसत्या हाताने.

"हुकच तर होते," काका म्हणाले. "एका झटक्यात निघाले." त्यांनी सॅटिन उलटं करून दाखवलं. आत एकही टाका नव्हता. काखेचं अस्तर चिंब भिजलेलं होतं. "कुणाला हाक मारली असती तरी..." म्हणता म्हणता ते तिच्या गळ्यातल्या कात्रीकडे बघत राहिले, मग नजर काढून घेतली आणि मॅडमचे डोळे मिटवले.

डॉक्टर आले. हृदय, म्हणाले.

धाकटी घरी गेली तेव्हा अजून उजेड होता. वहिनींनी दार उघडलं आणि कुजबुजत म्हणाल्या, "आज नवल झालं. आत्ता थोड्या वेळापूर्वी त्यांनी गाठ मारली. असा दोरा धरला आणि दाताने तोडला. मग हात मांडीवर ठेवून बसल्यात. मी म्हटलं, सुटल्या गं बाई." चप्पल घालून त्या आपल्या घरी गेल्या.

आई खिडकीशी शांत बसली होती. मांडीवरचे हात एखाद्या परक्या बाईचे वाटत होते, इतके स्वस्थ. धाकटी तिच्या पायाशी बसली, मांडीवर डोकं ठेवलं, आणि तिला रडू आलं. मोकळं, लहान मुलीसारखं.

"झालं ना, आई? झालं सगळं."

आईचा हात तिच्या केसांवर आला. केसांवरून मानेवर आला. तिथे त्याला फीत लागली. फितीवरून बोटं चाचपत खाली उतरली आणि कात्रीवर थांबली.

"टाळ्या वाजल्या," आई म्हणाली.

इतक्या वर्षांत न वापरलेला तो आवाज कोरडा होता, पण स्पष्ट होता. धाकटीने डोकं वर केलं.

"हो, आई."

"कात्री गळ्यातच होती."

धाकटीने कात्री मुठीत झाकायला हात नेला, पण आईची बोटं तिथून हलली नाहीत.

"कोणी हाक मारली होती का तुला? आतून?"

"आई, ती मॅडम होती. आपली थोरली—"

आईने हात उचलला. अंगठा आणि तर्जनी जुळली, ओठांपाशी गेली, काहीतरी ओलं केलं. एक डोळा बारीक करून तिने ते उजेडात धरलं आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीतून ओवलं. मग धाकटीच्या कंबरेला दोन बोटं लावली, माप घेताना लावतात तशी. बोटं बर्फासारखी होती.

"सरळ उभी राहा," आई म्हणाली.

आणि धाकटी उभी राहिली. का राहिली हे तिला सांगता आलं नसतं. लहानपणी आईने हे म्हटलं की ती उभी राहायची, दोन्ही हात आपोआप बाजूला उचलले जायचे. आताही उचलले गेले. ती वाट बघत होती, आई नेहमीचं वाक्य म्हणेल. श्वास घे, भरून घे.

पाठीशी कापडातून दोरा ओढला गेला. सर्र.

"श्वास सोड," आई म्हणाली, "आणि तसाच धर."